गेमचं बजेट: डॉलरचे रुपये करून नाशिकचं गणित सुटतं का?

गोदाकाठ:
'एक्स्पेडिशन ३३' हा फ्रेंच व्हिडिओ गेम आल्यापासून कॉलेज रोडवर गेम बनवू पाहणाऱ्या पोरांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "त्यांनी तीस जणांत केला, आपण दहा जण अर्धा तरी करू." माझा या तुलनेला ठाम विरोध आहे. तो बनवणाऱ्या, फ्रान्समधल्या माँपेलियेच्या सँडफॉल स्टुडिओची मूळ टीम तीसेक जणांची आणि खर्च १ कोटी डॉलरच्या आत, हे खरं. पण लढाईचं बरंचसं अ‍ॅनिमेशन कोरियातल्या टीमने केलं, टेस्टिंगही बाहेर दिलं. ती माणसं तीसमध्ये धरलेलीच नाहीत. 'विचर ३' या पोलिश गेमच्या ३०.६ कोटी झ्लॉटींच्या (पोलंडचं चलन) बजेटमध्ये तर जाहिरातही आहे.

म्हणून माणूस-महिने मोजा, म्हणजे किती माणसांनी किती महिने काम केलं ते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात सोनीच्या दोन गेमचे आकडे उघडे पडले. 'लास्ट ऑफ अस पार्ट २': २२ कोटी डॉलर, २०० माणसं, ७० महिने. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट': २१.२ कोटी, ३०० माणसं, ५ वर्षं. भागाकार केला तर एका माणसाचा महिना पहिल्यात सुमारे १५,७०० डॉलरला पडतो, दुसऱ्यात ११,८०० ला. एक स्टुडिओ कॅलिफोर्नियात, दुसरा अ‍ॅम्स्टरडॅममध्ये. नाशिकमध्ये हाच महिना ६०,००० रुपये धरा, मग बोला.

सातपूरकर:
भागाकारच चुकलाय. २०० आणि ३०० ही काम ऐन भरात असतानाची संख्या आहे. प्री-प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे आधीच्या तयारीच्या टप्प्यात, टीम छोटी असते. सरासरी १२० धरली तर पहिल्याचा दर २६,००० डॉलरच्या वर जातो. त्यातच मोशन कॅप्चर (नटांच्या हालचाली टिपणं) आणि बाहेरून घेतलेलं आर्टही आलं. शहराचा फरक यातून सिद्ध होत नाही.

आणि पैसे लावणारा माणूस-महिने देत नाही, रोख देतो. तुमचाच दर घ्या: १० जण, २४ महिने, ६०,००० रुपये, म्हणजे १ कोटी ४४ लाख. गेम ५०० रुपयांना विकला, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाने ३० टक्के कापले, हातात ३५० उरले. खर्च निघायलाच ४१ हजारांवर प्रती विकाव्या लागतात. रिफंड, सेल आणि कर अजून धरलेलेच नाहीत. स्टीमवर गेम दोन तासांच्या आत खेळून चौदा दिवसांत परत करता येतो, त्यामुळे सुरुवातीचे दोन तास कच्चे राहिले की फटका थेट बसतो.

द्राक्षवेल:
दोघांच्याही हिशेबात मधला भाग, म्हणजे गेममध्ये नेमकं काय बनवायचं, आलाच नाही. एका थ्रीडी शत्रूला स्केच, मॉडेल, टेक्स्चर (वरचे रंग-पोत), रिग (हालचालीसाठी आतला सांगाडा), दहा-बारा अ‍ॅनिमेशन, एआय, आवाज आणि टेस्टिंग लागतं. सहा माणूस-आठवडे धरा. वीस शत्रू म्हणजे १२० आठवडे, म्हणजे सुमारे २८ माणूस-महिने: नाशिकच्या दराने १६-१७ लाख, तेही फक्त शत्रूंचे. मध्येच रिग बदलला की त्यावरची अ‍ॅनिमेशनं परत तपासा, कित्येक नव्याने करा. म्हणून सांगाडा आधी पक्का करून चार-पाच शत्रू त्यावरच बसवायचे. दर ६०,००० वरून ५०,००० करण्यापेक्षा यात जास्त वाचतं.

आणखी एक चूक सगळीकडे दिसते. 'हॉलो नाइट' या ऑस्ट्रेलियन गेमचं बजेट म्हणून ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर सांगतात. ती किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर जमलेली रक्कम आहे. पुण्याच्या 'राजी'चं किकस्टार्टर २०१७ मध्ये पूर्ण झालंच नाही, तरी गेम २०२० मध्ये आला. वर्गणीचा आकडा आणि खर्चाचा आकडा वेगळे.

गोदाकाठ:
सातपूरकर, कमाल संख्येचा मुद्दा मान्य, पण तुमचे १२० हेही गृहीतकच. विक्री आपल्या हातात नाही, तास आहेत. तीन महिन्यांत दहा मिनिटांचा पूर्ण तयार तुकडा करा, प्रत्येकाचे खरे तास लिहा, पूर्ण गेमच्या लांबीने गुणा आणि वर चौथा हिस्सा बगसाठी ठेवा.

सातपूरकर:
पहिल्या तुकड्याच्या तासांत टूल, कॅमेरा, सेव्ह सिस्टिम सगळं येतं. ते एकदाच करायचं असतं, गुणलं की आकडा उगाच फुगतो. उलट कन्सोलचं सर्टिफिकेशन, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या यंत्राच्या कंपनीची मंजुरी, त्यात येतच नाही: खेळताना कंट्रोलर सुटला आणि गेम थांबला नाही, एवढ्यावरूनही गेम नापास होऊन परत येतो. तुकडे दोन करा आणि दुसऱ्याचेच तास गुणा. कन्सोलचा खर्च वेगळ्या रकान्यात लिहा. त्यानंतरही ४१ हजार प्रतींचा प्रश्न तसाच राहतो आणि त्यावर तुम्ही अजून काहीच बोललेला नाहीत.