मदत हवी आहे: बाबांचं अल्सर फुटल्याचं ऑपरेशन झालंय, रात्री बरळतात, पुढे काय बघायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईजवळचे. बाबा ७६ वर्षांचे, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) इमर्जन्सी ऑपरेशन झालंय. लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर फुटला होता. पोट दुखतंय असं ते नीट म्हणालेच नाहीत, नुसतं "बरं वाटत नाय, जेवण नको", ताप नाही, पोटही तेवढं कडक लागत नव्हतं, मग एकदम घाम फुटला तेव्हा १०८ बोलावली. एक्स-रेत डायाफ्रामखाली (छाती-पोटामधल्या पडद्याखाली) हवा दिसली, म्हणजे आत फुटल्याची खूण, आणि सीटी करून लगेच ऑपरेशन थिएटरात घेतलं. पोटातला चरबीचा पडदा ओढून भोकावर टाके घालून बसवला आणि आतून पोट धुतलं. डॉक्टर म्हणाले वयस्करांत लक्षणं अशीच दबलेली असतात आणि त्यातच वेळ जातो. म्हणून कळकळीने सांगते, घरात कोणी म्हातारं माणूस गुडघ्यांसाठी पेनकिलर घेत असेल आणि अचानक जेवण टाकून गप्प पडलं तर सकाळची वाट बघू नका. बाबा डायक्लोफिनॅक ही पेनकिलर घ्यायचे आणि वर हार्टसाठी ॲस्पिरिन.

आता मला खरी काळजी वेगळीच आहे, दिवसा बरे असतात पण रात्री मला ओळखत नाहीत, नाकातली नळी ओढतात. हे असंच राहणार का? ॲस्पिरिन सध्या बंद आहे, हार्टमध्ये स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) असल्याने त्याचीही भीती वाटते. कोणाच्या घरी असं झालंय का?

प्रतिसाद (फोंडा):
ताई, माझ्या सासूबाईंचं असंच झालेलं, ऑपरेशननंतर वयस्करांना असा भ्रम होतो आणि बहुतेकांचा हळूहळू उतरतो. चष्मा, कानाचं मशीन लावून ठेवा, दिवसा उजेडात बसवा, रात्री घरचंच कोणीतरी जवळ हवं. पण ड्युटीवरच्या डॉक्टरांना नक्की सांगा, कारण इन्फेक्शन, टाके लीक होणं, सोडियम कमी होणं यानेही असं होतं. सोबत ताप आला, पोट फुगलं किंवा धाप लागली तर लगेच सांगा. ॲस्पिरिन तुम्ही स्वतःहून सुरूही करू नका आणि विषय सोडूनही देऊ नका, स्टेंट आहे तर सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांना एकत्र विचारा, सुरू केली तरी ॲसिड कमी करणारी गोळी सोबत लागेल. अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूची टेस्टही विचारा. ती ॲसिडच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक चालू असताना खोटी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे कधी करायची ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. आणि घरातली डायक्लोफिनॅकची पाकिटं आजच काढून टाका.