गिअरबॉक्सचं ऑइल गळतंय, मदत हवी आहे

मंडळी, गाडी २००५ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. रात्रभर उभी राहिली की डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला फरशीवर दाट, पिवळसर डाग. गंधकासारखा उग्र वास, म्हणजे इंजिन ऑइल नव्हे. ॲक्सल (चाक फिरवणारा दांडा) गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथंच ओलं आहे, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) कोरडं ठणठणीत.

एक मेकॅनिक म्हणतो, ॲक्सल काढून नुसता ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलू. दुसरा थेट गिअरबॉक्सच उतरवायला निघालाय! मला पहिल्याचं पटतंय. पण ॲक्सलच्या शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली असेल तर नवा सीलही गळणारच ना? की तुंबलेल्या ब्रीदरमुळे (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडामुळे) आत दाब वाढतोय? तो आधी साफ करून बघू का? कुणी हे काम करून घेतलं असेल तर सांगा.