गृहपाठात मदत म्हणजे उत्तर सांगणं नव्हे (कालच्या पोस्टवरून)

माजी_मास्तर: काल इथे एकाने लिहिलं की पोरगं गृहपाठात अडलं तर सरळ उत्तर सांगून टाका, वेळ वाचतो, गणित असो की इतिहास. वाचून डोकंच फिरलं. संध्याकाळी शेजारची चार पोरं माझ्याकडे बसतात. परवा एकाने ३/४ + १/२ = ४/६ लिहून आणलं, वरचे वर खालचे खाली मिळवून मोकळा. उत्तर ५/४ सांगितलं असतं तर वहीत बरोबरची खूण आली असती आणि पुढच्या गणितात परत तेच. मी विचारलं, पाऊण भाकरीत अर्धी टाकली तर पाऊणपेक्षा कमी कशी झाली रे? पोरगं गप्प, मग स्वतःच म्हणालं, "सव्वा होईल ना आजोबा."

दोन_पोरांची_आई: आजोबा, तुम्हाला पेन्शन आहे. मी साडेआठला घरी येते, कुकर लावते, तोवर धाकट्याला 'शास्त्रीय कारणे लिहा' आणि थोरलीला नकाशा भरायचाय. साडेनऊला भाकरीचे तुकडे करत बसू? सांगते उत्तर. बिनधास्त.

ठेचा_भाकर: +१. आणि वर्गात दोन उत्तरं फळ्यावर लिहून 'बाकीची घरी करा' म्हणणाऱ्यांना कोण विचारणार? पगार कोण घेतं?

झेडपीवाली_बाई: हे बरंय, फिरून मास्तरांवरच. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच जादा कामं आहेत, पण आमच्या पदरी काय काय पडतं ते एक महिना येऊन बघा, मग पगार काढा.

नाशिककर: सव्वा-पाऊण आता कुठल्या पोराला कळतं? २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बहात्तरसाठी 'वीस एक', 'सत्तर दोन' आणलं तेव्हाच वाट लागली. माझी पुतणी बहात्तर ऐकून तोंड बघत बसते.

माजी_मास्तर: ते पुस्तक उघडून तरी बघितलं का? जुनी नावं काढलीच नव्हती, दोन्ही दिली होती. मंगला नारळीकरांसारख्या गणितातल्या बाई ते पुस्तक करणाऱ्या समितीवर होत्या. त्रेपन्न सांगितलं की पोर ३५ लिहितं, कारण तीन आधी ऐकू येतं. हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

नाशिककर: आम्ही नाही का शिकलो?? पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, सगळं पाठ. जर्मन लोक पण एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात, त्यांच्या मोटारी काय बंद पडल्या?

सीमाभागी: कानडीत 'इप्पत्तोंदु' म्हणजे वीस-एकच. घरी मराठी, शाळा कानडी, माझा एकही आकडा उलटा पडला नाही. विधानसभेत फडणवीसांचं 'फडण दोन शून्य' करून हसून झालं, पोरांचं काय अडतं ते कोणी विचारलं नाही.

नाशिककर: मग बेळगावातच ठेवा तुमचं वीस-एक.

सीमाभागी: बेळगावचं नाव काढायचं काम नव्हतं. तुम्ही पावकी म्हणून दाखवा आधी, सतरा पाव किती? गुगल न करता.

नाशिककर: सव्वाचार. झालं समाधान?

सीमाभागी: झालं. पण ते पाठांतराने आलं की हिशेब करून, ते सांगितलं नाहीत.

झेडपीवाली_बाई: अहो धागा गृहपाठाचा आहे. आणि आजोबा, तुमचं भाकरीचं पटलं, पण इतिहासात काय करणार? सनावळी पाठच करावी लागते, तिथे 'कुठे अडलं' विचारून काय होतंय.

माजी_मास्तर: बरं, सन सांगा. १६७४ ला राज्याभिषेक हे काय पोराने शोधून काढायचं नाही. पण 'कारणे द्या'चं उत्तर गाईडातून उतरवू देऊ नका, तेवढं तरी माना.

दोन_पोरांची_आई: मानलं, थोर उपकार तुमचे. आज पावणेदहाला धाकट्याला विचारलं, कुठे अडलं? म्हणाला, "सगळीकडेच." आता?

माजी_मास्तर: पहिलं उदाहरण त्यालाच मोठ्याने वाचायला लावा.

दोन_पोरांची_आई: लावलं. वाचता वाचता झोपला.