मदत हवी आहे : चेतापेशीतील स्थानिक प्रथिननिर्मिती

नमस्कार. मी चोपड्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते. १९८२ मध्ये स्टीवर्ड आणि लेव्ही या संशोधकांना चेतापेशीच्या वृक्षिकांवरील (संकेत घेणाऱ्या फांद्यांवरील) सूक्ष्म काट्यांच्या तळाशी रायबोसोमचे (प्रथिने बनवणाऱ्या कणांचे) पुंजके आढळले, म्हणजे प्रथिने तिथेच बनू शकतात; त्यासाठी प्रथिनाची कृती असलेला संदेशवाहक आरएनए केंद्रकापासून तिथवर वाहून नेला जातो आणि एफएमआरपीसारखी आरएनएला चिकटणारी प्रथिने संकेत येईपर्यंत त्याचे भाषांतर (त्यावरून प्रथिन बनणे) रोखून धरतात, हे काल फळ्यावर आकृती काढून सांगितले. त्यावर केळीउत्पादक घरातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ठिबकची नळी सगळ्या खोडांना सारखे पाणी देते, मग इथे संकेत मिळालेल्या काट्यापाशीच प्रथिने कशी तयार होतात?" प्रश्न फार मोलाचा आहे. एफएमआरपीवरील फॉस्फेट निघाल्याने रोध उठतो, एवढे उत्तर मला अपुरे वाटते. शेजारचा काटा अलिप्त कसा राहतो, हे जाणकारांनी कृपया सोप्या शब्दांत समजावून सांगावे.