हिंव, ह्यूं आणि पाला

प्रश्न
जानेवारीत आम्ही गढवालात चोपत्याहून तुंगनाथच्या शंकराच्या देवळाला चालत गेलो. जेमतेम चार किलोमीटरची फरसबंदी वाट, पण चढून जायचं ३,६८० मीटरवर. देव थंडीत खाली मक्कूमठला असतात, त्यामुळे वाटेवर माणूस नाही. सकाळी धुकं इतकं, की पुढच्याची फक्त टोपी दिसत होती. मध्येच वाटाड्या ओरडला, "आगे पाला है, किनारे से चलो!" आम्ही पाला म्हणजे पानं समजलो आणि दोघंजण सपाटून आपटलो. हा पाला म्हणजे फरशीवर रात्रीतून गोठलेला काचेसारखा थर. कडेला गुडघाभर भुसभुशीत बर्फ होता, त्यात पाय छान रुतत होता. एक पाडणारा, एक सांभाळणारा, आणि घरी सांगताना मात्र दोन्हींना 'बर्फ'च! मराठीत यांना वेगळे शब्द नाहीत का?

प्रतिसाद
बर्फ हा शब्द फारसी. तिथे आकाशातून पडतो तो बर्फ आणि पाणी गोठून होतो तो 'यख'. आपल्याकडे आकाशातून काही पडत नाही. १८३०च्या दशकात अमेरिकेहून जहाजांनी लाद्या मुंबईला येऊ लागल्या, पुढे कारखाने निघाले, आणि मराठी माणसाच्या मनात बर्फ म्हणजे भुश्यात गुंडाळलेली लादी हेच चित्र बसलं. जुना, पांढरा अर्थ राहिला तो बर्फीत.

प्रतिसाद
आकाशातून पडणाऱ्यासाठी 'हिम' आहेच, पण ते बोलण्यात येत नाही. "हिमात चाललो" असं कोण म्हणतं? मला त्याचं घरगुती रूप जास्त मोलाचं वाटतं: हिंव. हिंव भरतं, हिंवानं दात वाजतात; हिंवाळा आणि हिंवताप त्यातलेच (आता अनुस्वार गेला, त्यामुळे नातं चटकन दिसत नाही). संस्कृतात हिम म्हणजे थंडीही आणि बर्फही. आपण त्यातली थंडी ठेवली, कारण बर्फ दाखवायला नव्हताच. तुम्ही गेलात त्या गढवालात मात्र बर्फाला 'ह्यूं' म्हणतात, तेही हिमच. हिंव आणि ह्यूं एकामागून एक मोठ्याने म्हणून बघा. एकाच शब्दाची दोन लेकरं, एक डोंगरात राहिलं, एक घाट उतरून आपल्याकडे आलं. वाटाड्याला हे सांगितलं असतं तर तो नक्की खूश झाला असता.

प्रतिसाद
तुम्हाला पाडलं तो पाला संस्कृत 'प्रालेया'चा. आपला पाला पालवीच्या कुळातला. नुसता उच्चार सारखा. तुषाराचं तर आणखी नवल: संस्कृतात तो हिम, दहिवर, आपण त्याला शेतात तुषार सिंचनाला लावला.

प्रतिसाद
पाल्याच्या सर्वांत जवळचं मराठीत दव किंवा दहिवर, फक्त गोठलेलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत गवतावर, बोटींवर पांढरा थर येतो. बातम्यांत त्याला 'हिमकण' म्हणतात, ते मला पटत नाही. तिथे आकाशातून कण पडलेला नसतो. पडलेलं दव जागच्या जागी गोठलेलं असतं. 'दव गोठलं' यात काय कमी आहे? 'हिमकण' वाचून लोक बर्फ बघायला गाड्या काढतात आणि उन्हं वर येईपर्यंत सगळं विरघळलेलं असतं. 'बर्फाच्छादित'ला मात्र माझी हरकत नाही. फारसी-संस्कृत जोड असली तरी शिखर डोळ्यांपुढे उभं राहतं.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. हे आईला वाचून दाखवलं. ती खानदेशातली, बर्फाचा डोंगर तिने पाहिलेला नाही. दहिवर म्हणताच तिला हरभऱ्याचं शेत आठवलं. रात्री झाडांवर धुतलेलं धोतर पसरायचं आणि उजाडताना दहिवराने भिजलेलं ते पिळून आंब (हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट पाणी) काढायची; बोटं अशी बधिर व्हायची की पिळा सुटायचा. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या त्या फरशीवर दहिवर थिजलं होतं, असं सांग ना." थिजलं! तूप थिजतं तसं. मी इतके दिवस 'गोठलं'च्या पुढे गेलो नव्हतो.