न दमणाऱ्या कुत्र्याला कायमचे घर : अनुभव धागा

सुटका करून आणलेल्या लहान पिल्लांना किंवा शांत, वयस्क कुत्र्यांना घर मिळवून देण्याविषयी बरेच लिहिले जाते. हा धागा मात्र अशा कुत्र्यांसाठी आहे, जे दारातून आत येणाऱ्याच्या छातीवर उडी घेतात, पट्टा लावताच माणसाला ओढत नेतात, आणि ज्यांच्याविषयी "कुत्रा फार गोड आहे, पण आम्हाला झेपणार नाही" हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे लागते. कुत्र्याचे पौगंड साधारण सहाव्या महिन्यापासून दीड ते दोन वर्षांपर्यंत चालते. या काळात अंगात मोठ्या कुत्र्याची ताकद आलेली असते, पण स्वतःला आवरण्याची क्षमता अजून आलेली नसते. घर सुटलेल्या कुत्र्यांमध्ये याच वयाचे कुत्रे इतके का दिसतात, याचे उत्तर बहुधा या तफावतीतच आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा कुत्र्याची ऊर्जा झाकून घर शोधण्यापेक्षा ती ठळकपणे सांगावी, आणि घराचे क्षेत्रफळ पाहण्यापेक्षा घरातल्या माणसांचा दिनक्रम पाहावा. याच्याशी सहमत नसणाऱ्यांनी तर जरूर लिहावे. "प्रेमाने सगळे ठीक होते" यापलीकडचा तपशील हवा आहे: कुत्र्याचे वर्णन कसे केले, कोणाला नकार दिला, कोणते घर टिकले आणि कोणते टिकले नाही. माणसांची नावे नकोत, आणि तक्रार असेल तर संस्थेचेही नको.

तात्पुरती पालक

कुत्र्यांना कायमचे घर मिळेपर्यंत ती आपल्याकडे ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. वर्षभराचा, शेफर्डचा संकर असलेला 'वादळ' माझ्याकडे आला, तेव्हा जाहिरात लिहिण्याआधी मी त्याची रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली: फिरून आल्यावर तो किती वेळात आडवा होतो, घरात एकटा असताना किती वेळ न भुंकता राहतो, दारावरची घंटा वाजल्यावर काय करतो, दुसरा कुत्रा किती अंतरावर दिसला की पट्टा ताणतो. जाहिरात या नोंदींतूनच तयार झाली. 'खेळकर' आणि 'प्रेमळ' हे शब्द मी मुद्दाम टाळले, कारण ते प्रत्येक कुत्र्याला लावले जातात आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी मी लिहिले की याला सकाळ-संध्याकाळ मिळून किमान दोन तास बाहेर न्यावे लागते, पाहुणे आले की तो उड्या मारतो आणि ती सवय मोडण्याचे शिक्षण सुरू आहे, तीन तास तो एकटा राहतो पण आठ तास राहणार नाही, आणि रात्री मात्र पायाशी गाढ झोपतो. सोबत दोन चित्रफिती दिल्या, एक पट्टा ओढतानाची आणि एक झोपलेला असतानाची.

विचारणा थोड्याच आल्या, पण त्या कामाच्या होत्या. पट्टा ओढणे थांबवण्यासाठी कोणती पद्धत वापरता, एकटे राहण्याचा वेळ कसा वाढवायचा, असे प्रश्न लोक विचारू लागले. माझा प्रत्येकाला एकच प्रश्न असे: "तुम्ही आजारी पडलात, तर त्या आठवड्यात याला बाहेर कोण नेईल?" मोठे अंगण असलेल्या एका कुटुंबाने उत्तर दिले की अंगण आहे ना, तिथे धावेल तो. अंगणात एकटा सोडलेला कुत्रा सहसा धावत नाही. तो दाराशी बसून राहतो, कुंपणाबाहेरच्या प्रत्येक हालचालीवर भुंकतो किंवा खड्डे उकरतो. त्यांना मी नकार दिला. वादळ शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा घरात गेला. तिथली दोघे वेगवेगळ्या वेळी कामाला जातात, दोघांनाही रोज लांबवर चालण्याची सवय आधीपासून होती, आणि अडीनडीला कुत्र्याला नेणारी बहीण त्यांनी पहिल्याच भेटीला सोबत आणली होती. कुत्रा आला की आपण रोज धावायला लागू, असे म्हणणाऱ्यांपेक्षा आधीपासून रोज बाहेर पडणाऱ्यांवर माझा विश्वास जास्त आहे.

निवारागृहातील स्वयंसेवक

वरच्यासारखी नोंद घरात ठेवता येते. कुत्रा निवारागृहात असेल तर पंचाईत होते. पिंजऱ्यात गोल गोल फिरणारा, येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेपावणारा कुत्रा मुळातच ऊर्जावान आहे, की गोंगाट, अपुरी झोप आणि कोंडून राहणे यांमुळे तसा झाला आहे, हे पिंजऱ्यासमोर उभे राहून ओळखता येत नाही. अमेरिकेतील पाच निवारागृहांमधल्या २०७ कुत्र्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एक-दोन रात्री कोणाच्या तरी घरी राहिलेल्या कुत्र्यांच्या लघवीतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, त्या मुक्कामात कमी झाल्याचे त्यात आढळले, आणि परतल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. अशा छोट्या मुक्कामाचा आम्हाला झालेला दुसरा फायदा म्हणजे कुत्र्याचा खरा स्वभाव कळतो. 'अतिचंचल' असा शेरा मिळालेली एक कुत्री स्वयंसेवकाच्या घरी गेली आणि बहुतेक वेळ झोपूनच राहिली. तिच्या माहितीपत्रकातला तो शेरा आम्ही काढून टाकला आणि तिला लवकरच घर मिळाले. तिच्याच शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा मात्र घरी जाऊनही तितकाच धावपळ्या राहिला. त्याच्याविषयीही निदान खात्रीने लिहिता आले.

दत्तक घेणारा

माझ्याकडे आलेला कुत्रा जॅक रसेल टेरियर जातीचा आहे, आणि ही जात बिळातल्या कोल्ह्याला हुसकावून बाहेर काढण्यासाठी तयार झालेली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सारे सांगण्याची गरज नाही. पहिले तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे दिनक्रम कळण्याचे आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे, असा एक ढोबळ आडाखा दत्तक देणाऱ्यांनी मला कुत्रा देताना सांगितला होता. ढोबळ असला तरी उपयोगी पडला, कारण तिसऱ्या आठवड्यात कुत्रा 'बिघडला' असे वाटते, तेव्हा तो खरे तर मोकळा होऊ लागलेला असतो. सुरुवातीच्या काळात बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) असे दोन्ही लावून दोन्हींना दोरी बांधावी, हा सल्लाही त्यांचाच. घाबरलेला कुत्रा मागे सरकत एका झटक्यात गळपट्ट्यातून डोके काढून घेतो, आणि अनोळखी भागात सुटलेला नवा कुत्रा हाकेला ओ देत नाही.

पण मला खरे लिहायचे आहे ते दमवण्याविषयी. रोज अधिक धावायला लावले की कुत्र्याचा दमसास वाढतो, आणि उद्या त्याला त्याहून अधिक धावायला हवे असते. अर्धा अर्धा तास चेंडू फेकत राहिल्याने तो शांत होत नाही, उलट चढलेल्या अवस्थेतच घरी येतो. आमच्या घरात फरक पडला तो हुंगण्याने. लांब दोरी लावून, त्याला हवे तिथे थांबू देत केलेली संथ फेरी, गवतात विखरून टाकलेला खाऊ, घरात लपवलेली वस्तू शोधण्याचा खेळ, आणि चटईवर स्वस्थ पडून राहिल्याबद्दल मिळणारे बक्षीस, यांनी तो धावण्यापेक्षा अधिक शांत झाला. प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतो. झोप न मिळालेला कुत्रा लहान मुलासारखाच चिरचिरा होतो, आणि त्याची ती चिरचिर आपण ऊर्जा समजून त्याला पुन्हा बाहेर नेतो. विश्रांतीही शिकवावी लागते, हे दत्तक देणाऱ्यांनी घर ठरवतानाच सांगावे, असे मला आग्रहाने वाटते.

परत आलेल्या कुत्रीची पालक

आमच्या दत्तक करारात एक अट ठळक अक्षरांत असते: काही कारणाने कुत्रा ठेवणे शक्य झाले नाही, तर तो परस्पर कोणाला न देता आमच्याकडेच परत द्यावा. बॉर्डर कॉलीचा संकर असलेली एक कुत्री या अटीनुसार परत आली. ते कुटुंब चांगले होते, फिरवण्यात कुठेही कमतरता नव्हती; पण घरातली लहान मुले धावली की ती त्यांना वळसा घालून अडवी आणि टाचांना दात लावी. मेंढ्या वळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने ती आपले काम चोख करत होती. परत येण्याला अपयश म्हणण्याची रीत मला मान्य नाही, कारण त्या घराने आम्हाला दिलेली माहिती आमच्याकडे कुत्रीला ठेवून कधीच मिळाली नसती. पुढच्या जाहिरातीत 'केवळ मोठी माणसे असलेल्या घरासाठी' हे पहिलेच वाक्य होते. आता ती अशा घरात आहे जिथे तिला वस्तूंची नावे शिकवतात. चेझर नावाच्या बॉर्डर कॉलीने एक हजाराहून अधिक वस्तूंची नावे शिकल्याची नोंद आहे. आमची तिथवर पोहोचणार नाही, पण तिची टाचा धरण्याची गरज पुष्कळ उणावली आहे.

दत्तक न घेतलेली

मी अशा एका कुत्र्याला भेटले, त्याच्याबरोबर फिरले, त्याने माझी बाही पकडली, मला तो फार आवडला, आणि मी नाही म्हटले. माझे कामाचे तास लांब आहेत. त्याच्या तात्पुरत्या पालकांनी मन वळवण्याचा प्रयत्न केला नाही आणि स्पष्ट नकाराबद्दल आभार मानले. त्यांनी गळ घातली असती तर मी कदाचित हो म्हटले असते, आणि तो कुत्रा बहुधा परत गेला असता.

पशुवैद्यक

दोन गोष्टी थोडक्यात. निर्बीजीकरणाने घराबाहेर भटकणे आणि जागोजागी लघवीने खुणा करणे बहुधा कमी होते. तारुण्यातली धावपळ मात्र त्याने आपोआप ओसरत नाही, म्हणून तसे आश्वासन दत्तक घेणाऱ्याला देऊ नये. दुसरे म्हणजे, स्वस्थ न बसणाऱ्या कुत्र्याची खाज, कान, पोट आणि सांधे तपासल्याशिवाय त्याला ऊर्जावान ठरवू नये. आणि मोठ्या जातीच्या कुत्र्याला हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंत, सायकलमागे पळवू नये. (तीन झाल्या.)

गंधशोधाचे प्रशिक्षण देणारा

चेंडूसाठी जीव टाकणारा, कोणत्याच घरात न मावणारा कुत्रा कधी कधी कामावरच चांगला राहतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील सॅम्युएल वॉसर यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या 'कॉन्झर्व्हेशन कॅनाइन्स' या उपक्रमात प्रामुख्याने निवारागृहांतील असेच कुत्रे घेतले गेले. ते वन्यप्राण्यांची विष्ठा हुंगून शोधतात, अगदी बोटीवर उभे राहून ओर्का देवमाशाचीही, आणि मोबदला म्हणून त्यांना चेंडू मिळतो. मात्र यावरून प्रत्येक चंचल कुत्र्याला 'काम' शोधायला निघू नये. कामाला घेताना आम्ही बहुतेक कुत्र्यांना नाकारतो, कारण ऊर्जेसोबत अनोळखी जागी न बिचकण्याचा स्वभावही लागतो. नाकारलेल्यांच्या पालकांना आम्ही गंधशोधाचे घरगुती खेळ शिकवतो. अशा कुत्र्यांना त्यानंतर घर मिळणे सोपे गेल्याचे मी पाहिले आहे.

घरभेटी करणारी

सगळे जुळल्यावर कुत्रा सुपूर्द करण्याच्या दिवसाकडे दुर्लक्ष होते. मी सोबत एक लेखी कागद देते: कोणत्या शब्दाला कुत्रा बसतो, कोणता शब्द तोंडातली वस्तू सोडण्यासाठी, जेवणाच्या वेळा आणि लसीकरणाच्या तारखा. कागदाबरोबर त्याची रोजची चटईही देते, न धुता, म्हणजे ओळखीचा वास राहतो. पहिल्या आठवड्यात आपणहून फोन करते, कारण अडचणीत असलेली माणसे संकोचाने फोन करत नाहीत आणि मग थेट कुत्रा परत करतात. आणि मायक्रोचिपचा (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा) १५ अंकी क्रमांक नव्या पालकांच्या नावावर माझ्यासमोरच नोंदवून घेते. ते राहून गेले, तर पळालेला कुत्रा सापडल्यावर फोन माझ्याकडे येतो, आणि त्याचे कायमचे घर त्याला दुसऱ्याच दिशेला शोधत असते.