पुण्यात माणसं किती हे न मोजता पाणी कसं वाटणार?

धायरीकर
आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे एक दोनशे पानी वही आहे. टँकर आला की तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि सही. उन्हाळ्यात पानं भराभर भरतात. परवा ती चाळताना वाटलं, आमच्या भागाला पाणी किती कमी पडतं याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा नसेल. पण तो कुठल्याच सरकारी हिशेबात नाही.

तो हिशेब अजून २०११च्या जनगणनेपासून सुरू होतो. तेव्हा पुणे मनपा हद्दीत ३१ लाख २४ हजार लोक होते. २०१७ मध्ये ११ गावं आत आली, २०२१ मध्ये आणखी २३. २०२१ची जनगणना झालीच नाही. १८८१पासून दर दहा वर्षांनी होणारी मोजणी पहिल्यांदाच चुकली, आणि पुढची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. मधल्या काळात जो तो आपला अंदाज घेऊन बैठकीला बसतो.

माणशी रोज १३५ लिटर धरा. दहा लाख माणसांना वर्षाला साधारण पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागतं. खडकवासला धरणाचा साठा १.९७ टीएमसी. म्हणजे अंदाज दहा लाखांनी चुकला, तर जवळजवळ एक खडकवासला इकडचा तिकडे!

माझी मागणी एवढीच: पाणी, बस, दवाखाना, कशाचाही प्रस्ताव असो, आकडा कुठला, कुठल्या वर्षीचा आणि कुणी मोजलेला, हे पहिल्याच पानावर छापा.

इंदापूरची लेक
नाही पटलं. तुमच्याकडे आकडा म्हणजे माहिती असेल, आमच्याकडे तो हत्यार आहे. शहराची लोकसंख्या फुगवून सांगितली की आमचं उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला सोडायची पाण्याची पाळी, लांबतं. पुण्याला पाणी देणारी खडकवासल्यासह चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी, त्यातच हवेली, दौंड, इंदापूरची शेती. माझ्या वडिलांची शेती कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला आहे. पाळीपत्रकावर तारीख असते, पण चारीला (शेताकडे येणाऱ्या पाटाला) पाणी येईलच असं नाही. पहिल्या पानावर आकडा छापला म्हणून तो खरा होतो का? ज्याला पाणी हवंय तोच मोजणार असेल, तर मला त्या छापील आकड्याचीच जास्त भीती वाटते.

दंडघेर
आई बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय. आकडे वापरा म्हणणं सोपं आहे, आधी ते भरतं कोण ते बघा. मुलाच्या दंडाला पट्टी लावायची, ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलं की सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. एकदा तिने एका मुलीची नोंद सॅममध्ये केली. दोन तासांत वरून फोन: पुन्हा मोजा, तुमच्याच केंद्रात कशी निघाली? तिने तिसऱ्यांदा मोजलं, तेवढंच भरलं, आणि तिने तेवढंच ठेवलं. शेजारच्या केंद्रातल्या ताईंनी पुढच्या महिन्यापासून काठावरची मुलं मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत टाकायला सुरुवात केली. त्यांना दोष कसा देऊ? खरं लिहिणाऱ्याला जाब विचारतात, तोवर पहिल्या पानावर काहीही छापा, खाली सगळं गुळगुळीतच असणार. आणि एवढी वर्षं माहिती भरून तिच्या वस्तीचं चित्र तिला एकदाही कुणी परत दाखवलेलं नाही.

नमुना पाहणी
सांख्यिकीत नोकरी केली आहे, म्हणून एक सावधगिरीची गोष्ट. राष्ट्रीय नमुना पाहण्या देशासाठी आणि राज्यासाठी आखलेल्या असतात. रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या श्रमबल पाहणीत जानेवारी २०२५पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला, ही चांगली गोष्ट झाली. तरी त्यातून धायरी किंवा हडपसरसारख्या शहरातल्या एकाच भागाचा आकडा काढायचा म्हटलं तर हाती येणारी घरं इतकी थोडी, की त्यावर काहीच उभं राहत नाही. तरीही लोक काढतात आणि भाषणात वापरतात.

धायरीकर, टँकरची वहीसुद्धा जपूनच वापरा. वही ठेवणारी ती सोसायटी. चाळीत, पत्र्याच्या घरात हंड्याने पाणी भरणाऱ्यांची वही नसते. वह्याच मोजल्या तर ज्यांना टँकर परवडतो त्यांचीच टंचाई दिसेल. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांनी १९३०च्या दशकात पुण्यातल्या कुटुंबांची पाहणी केली होती. मधल्या काळात शहर कितीतरी पटींनी वाढलं, तशी पाहणी आता प्रभागवार का होऊ नये?

धायरीकर
चाळीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तो मान्य. इंदापूरची लेक, तुमची भीतीही खरी आहे. पण म्हणूनच तर म्हणतोय ना, मोजणारा पाणी मागणाऱ्यांपैकी नको. शहराचा नको, पाटबंधाऱ्याचाही नको. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्यांनी मोजावं आणि दोन्हीकडच्यांना एकच तक्ता द्यावा. जानेवारी २०२५ मध्ये इथल्याच सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गावात, किरकटवाडीत जीबीएसचे (नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे) रुग्ण निघाले तेव्हा कुठल्या विहिरीचं पाणी किती घरांत जातं, याची शोधाशोध सुरू झाली. ती यादी आधीच हवी होती की नाही?

दंडघेर, आईंना नमस्कार सांगा. सेविकांना त्यांच्या वस्तीचा तक्ता दर तीन महिन्यांनी परत मिळावा, हे मी मागणीत घालतो.

इंदापूरची लेक
तक्ता एकच असेल तर त्यात आमचं आवर्तन किती दिवस चाललं आणि टेलपर्यंत किती दिवस पोचलं, असे दोन वेगळे रकाने हवेत. फक्त कालव्यात सोडलेलं पाणी धरणार असाल तर माझी सही मिळणार नाही. वडिलांकडे तीन उन्हाळ्यांच्या पाळ्या डायरीत लिहिलेल्या आहेत, रविवारी गावी गेले की फोटो काढून आणते. तुमची टँकरची वही कुठल्या वर्षापासून आहे?